लोकरीचे पंजे

मे महिन्यात, उदगीरच्या उन्हात, पंख्याखाली बसून लोकर विणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या माझ्या घरमालकीण होत्या.

अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली होती, त्यातली बरीचशी वर्षं जळीत वॉर्डात. निवृत्त होऊनही काळ लोटला होता, पण पाठीचा ताठा तसाच होता आणि घड्याळ अजूनही मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं असायचं. मी नांदेडची. पंचायत समितीत नोकरी लागली, पहिलीच नेमणूक उदगीरला झाली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"मावशी, खोली रिकामी आहे का?"

"मावशी वॉर्ड पुसती," त्या म्हणाल्या. "मी सिस्टर हाय. हात दाखव."

मला वाटलं, भविष्य बघतात की काय. त्यांनी माझे दोन्ही हात पालथे केले, उताणे केले, ओढणी बाजूला सारून बाही कोपरापर्यंत वर केली आणि बाजारात दोडका पारखावा तसे उजेडात धरले.

"स्वैपाक येत न्हाई तुला. एक डाग न्हाई हातावर."

"थोडा येतो."

"शिकशील. भाजून घेशील. वरची खोली हाय, ये."

एवढीच मुलाखत झाली. माझं नाव त्यांनी विचारलं ते दुसऱ्या दिवशी. पुढे लक्षात आलं की त्या कुणाचाही चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. दूधवाला असो, गॅसची टाकी आणणारा असो की माझ्या ऑफिसातले साहेब, आधी हात. कारण विचारलं तर म्हणायच्या, "तोंडाला सवय असती खोटं बोलायची. हाताला कुनी शिकवलंय?"

त्या विणायच्या ते हातमोजे. पण थंडीत घालायचे नाहीत, चुलीवरचं, गॅसवरचं, भट्टीतलं गरम भांडं उचलायचे. गल्ली त्यांना पंजे म्हणायची. अंगठा तेवढा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र, आणि लांबी थेट कोपरापर्यंत. शहरात ओव्हनसाठी तसलं काहीतरी मिळतं, हे मला मोबाईलवर बघून माहीत होतं. पण आमच्या गल्लीत ओव्हन एकाही घरी नव्हता. प्रत्येक घरात सांडशी होती, आणि सांडशी असताना हे लोकरीचं लचांड कशाला, हे कुणालाच कळत नव्हतं.

लोकर त्यांना दुकानातली चालायची नाही. एकदा मी सोबत होते. दुकानदाराने कौतुकाने गुलाबी, मोरपंखी गुंडे काढून काउंटरवर मांडले. सिस्टरनी एका गुंड्याचा बोटभर धागा तोडला, पर्समधून काडेपेटी काढली आणि तिथेच पेटवला.

"अहो सिस्टर, दुकान पेटवता काय!"

"पेटंल की. नकली लोकर हाय तुमची."

धागा भुर्रकन जळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. तो मणी त्यांनी काचेवर ठेवला. "ह्यो कातडीला असाच चिकटतो. मी चिमट्यानं काढलाय लोकांच्या अंगावरनं." दुकानात दोन-तीन बायका होत्या. त्यांनी हातातले गुंडे खाली ठेवले. सिस्टर मात्र काडेपेटी पर्समध्ये टाकून शांतपणे पायऱ्या उतरल्या.

खरी लोकर त्या घोंगडी विणणाऱ्यांकडून आणायच्या, मेंढीच्या अंगावरची, काळी नाहीतर करडी, हाताला टोचणारी. विणताना पंजा एवढा ढगळ करायच्या की आत दोन माणसांचे हात मावावेत. मग अंगणात घंगाळभर कढत पाणी, त्यात रिठ्याचं पाणी, आणि धुण्याच्या दगडावर तो पंजा चोळणं सुरू. कढत पाण्यातून काढायचा, गार पाण्यात बुडवायचा, पुन्हा कढत. दीड-दोन तास हे चालायचं. हळूहळू तो आटत जायचा, विणीचे टाके एकमेकांत मिसळून जायचे, आणि शेवटी हातात यायचं ते विणकाम वाटायचंच नाही, जाड, घट्ट, नमदा व्हायचा त्याचा. पूर्वी घोड्याच्या खोगिराखाली घालायचे तसला. हे तंत्र त्यांना चुकून सापडलं होतं. भावाचा लोकरी स्वेटर दवाखान्याच्या सवयीने उकळत्या पाण्यात टाकला आणि तो पाच वर्षांच्या पोराला बसेल एवढा झाला. भाऊ वर्षभर बोलला नाही. सिस्टरनी मात्र तो आटलेला तुकडा हातावर गुंडाळून तापलेला तवा उचलून पाहिला होता.

पंजे गच्चीवरच्या तारेवर वाळत पडले की लांबून तुटलेले हात टांगल्यासारखे दिसायचे. ओल्या मेंढराचा वास माझ्या ऑफिसच्या कपड्यांत शिरायचा. एकदा तर आमच्या कार्यालयातल्या एकाने, "मॅडम, मेंढ्या पाळल्यात का?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं.

एवढ्या कष्टाने केलेले पंजे त्या विकत नसत. भेट द्यायच्या, आणि तीही फक्त लग्नात, फक्त नवरीला. ओळखीतलं, शेजारातलं, जुन्या सहकाऱ्यांच्या घरचं कुठलंही लग्न असो, लोक मिक्सर, पैठणी, देवाच्या तसबिरी घेऊन उभे, आणि त्या रांगेत सिस्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन. निलंग्याच्या एका लग्नात मी त्यांच्यासोबत गेले होते. पुडकं सुटलं तशी नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "काळं कशाला सिस्टर, शुभकार्यात?"

"तवा काळाच असतो," सिस्टर म्हणाल्या. मग नवरीच्या हातात पंजे घालून, सासरच्या सगळ्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लोकर हाय. जळती, पन पेटत न्हाई. पदर पेटला तर पळायचं न्हाई, ह्या हातानं दाबायचा. आन् हे अजून आटतात बरं का. म्हैन्याला येऊन बघून जाईन मी."

लोक हसले. लग्नात पदर पेटायच्या गोष्टी कोण काढतं? मलाही मान खाली घालावीशी वाटली. परतीच्या बसमध्ये मी फुरंगटून बसले होते. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पिशवीतून सुया काढल्या आणि हादऱ्यांत टाके मोजू लागल्या.

आणि त्या खरंच जायच्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निलंगा, देवणी, गावातलीच चार-सहा घरं. दिवाणखान्यात बसायच्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात. "आन गं पंजे, बघू आटले का." कुणी त्यात दह्याचं भांडं गुंडाळून ठेवलेलं असायचं, एका घरी तर मांजर व्यालं होतं. सिस्टर पुटपुटायच्या, पोरीला पंजे घालायला लावायच्या, अंगठा चेपून बघायच्या, चहा प्यायच्या आणि उठायच्या.

त्यांचं घर म्हणजे नियमांचं घर. गॅसची नळी दर रविवारी साबणाच्या पाण्याने तपासायची. सिल्कचं, नायलॉनचं काही नेसून ओट्यापाशी जायचं नाही. माझा एक गाऊन होता, घोळदार बाह्यांचा, बहिणीने पुण्याहून आणलेला. एकदा वाळत घातला आणि संध्याकाळी काढायला गेले तर दोन्ही बाह्या कोपरावरून कापलेल्या, वर नीट दुमडून शिवलेल्या. मी रागाने लाल झाले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "बाही गेली, हात ऱ्हायला. साकु आता, किती फुगशील?" त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं कानडी. पुरे झालं म्हणायचं असलं की त्या साकु म्हणायच्या, आणि मग खरंच पुरे व्हायचं.

त्यांच्याविषयी गल्लीचं मत ठरलेलं होतं. बाई कामाची, पण चक्रम. लग्न केलं नाही, त्यामुळे डोक्यावर परिणाम झालाय. मलाही फार वेगळं वाटत नव्हतं. ते बदललं एका साध्या प्रश्नाने. मी एव्हाना त्यांच्या हाताखाली दोन-तीनदा पंजे चोळले होते. एकदा पंजा आटून घट्ट झाला की पुन्हा कितीही कढत पाणी ओता, तो तसाच राहतो, हे मला दिसत होतं.

"सिस्टर," मी विचारलं, "एकदा आटलेली लोकर दर महिन्याला अजून किती आटणार?"

"अजिबात न्हाई."

"मग बघायला कशाला जाता?"

"हात बघाया." त्यांनी सुई थांबवली नाही. "पंजा कोपरापर्यंत हाय. घालायचा म्हनलं की बाही वर करावी लागती, बांगड्या सराव्या लागतात. कुनाला काही विचारावं लागत न्हाई."

त्यांनी विणीची ओळ पूर्ण केली. मग म्हणाल्या, "स्वैपाकात भाजतं ते बोटाला, हाताच्या पाठीला. तेल उडतं ते मनगटावर. दंडाच्या आत कुनी आपल्या हातानं भाजून घेत न्हाई."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, एक लग्न झालं. नवरा मुलगा मोंढ्यात धान्याच्या अडत दुकानात कामाला. वडील नव्हते, घरात आई आणि तो. त्या आईला आम्ही सगळे काकू म्हणायचो. गोड बोलणाऱ्या, संक्रांतीला तिळगूळ सगळ्यात आधी वाटणाऱ्या. सून आली ती सोनाली, देवणीजवळच्या खेड्यातली, बारावी झालेली, हसली की तोंडावर हात ठेवणारी. सिस्टरनी पंजे दिले. महिन्यातून एकदा त्या जायच्या, कधी मीही सोबत असायचे.

चार महिने सगळं ठीक होतं. पाचव्या महिन्यात काकू म्हणाल्या, ती माहेरी गेलीय. सहाव्या महिन्यात म्हणाल्या, तिला ताप आहे, झोपलीय. सिस्टर म्हणाल्या, "ताप हाय? मग तर बघायलाच पाहिजे," आणि आत गेल्या. सोनाली झोपली नव्हती. गव्हाचं निवडण घेऊन बसली होती. उन्हाळ्यातही तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"पंजे आन बाळा."

तिने आणले, अगदी कोरे. सिस्टरनी तिच्या हातात घालायला घेतले. बाही काखेपर्यंत वर सारली. काकू दारात उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. मला दिसलं. डाव्या दंडाच्या आत, काखेच्या खाली, तीन चट्टे. एकाखाली एक, सारख्याच रुंदीचे.

सिस्टरनी अंगठा चेपून पाहिला. "बराबर बसला," म्हणाल्या. बाही स्वतःच्या हाताने खाली ओढली. चहा मागितला, शांतपणे प्यायल्या, काकूंना गुडघ्यांचं विचारलं. घरी आल्यावर मात्र सुया हातात घेतल्या आणि सारखे टाके सुटू लागले. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"पोलिसांत जायचं?" मी घाबरत विचारलं.

"जाऊ. आदी ती जित्ती घराभाईर पडली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा काकूंकडे गेल्या. म्हणाल्या, मला आता दिसत नाही, टाके मोजायला एक पोरगी पाहिजे, दुपारचा तासभर सुनेला पाठवा. काकूंना नाही म्हणता येईना. त्यांच्या नवऱ्याच्या पायाची जखम सिस्टरनी सहा महिने रोज घरी येऊन धुतली होती, हे गल्लीला माहीत होतं. सोनाली येऊ लागली. पहिले आठ-दहा दिवस ती एक शब्द बोलली नाही. नुसती विणायची. सिस्टरही काही विचारायच्या नाहीत. मग एका दुपारी, मी सुट्टीच्या दिवशी खाली बसले होते, ती मान वर न करता म्हणाली, "पोळी करपली की आदी पोळी दाखवत्यात. मग उलथनं."

"आन् नवरा?"

"ते पेपर वाचत्यात."

सिस्टर उठल्या, एक शंभर पानी वही आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. "लिही. मी सांगते तसं. कुठला चट्टा, किती लांब, किती दिवसाचा."

मी पेन हातात घेतलं नाही. सोनाली गेल्यावर मी म्हणाले, "सिस्टर, मी इथं नोकरीला आहे. एकटी आहे. लोकांच्या घरातल्या गोष्टी. आपल्याला काय करायचंय त्यात?"

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या भावालाही माहीत नव्हती.

"एक पोरगी होती वॉर्डात. गाव सांगत न्हाई. वीस वर्षांची असंल. सकाळी पट्टी बदलताना मला म्हनली, सिस्टर, स्टोव्ह न्हवता, त्यांनी ओतलं. मी म्हनलं, जबाब घ्यायला येतील तवा हेच सांग. दुपारी आले. सासू पायथ्याला हुभी, पोरीचं तीन म्हैन्याचं लेकरू काखेत घेऊन. पोरगी त्या लेकराकडं बघत म्हनली, स्टोव्हचा भडका झाला. त्यांनी लिवून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं साहेबांनी. 'सिस्टर, बरोबर?'"

त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली.

"मी म्हनलं, बरोबर."

बाहेर कुणीतरी भंगार विकत घेत ओरडत चाललं होतं. तो आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

"मलाबी नोकरी होती," मग त्या म्हणाल्या. "मीबी एकटीच होते."

मी वही उघडली.

पुढचे पंधरा दिवस मी लिहीत होते. सोनाली बाही वर करायची, सिस्टर बोटाने अंतर मोजायच्या, वॉर्डात राउंडच्या वेळी बोलावं तसं सपाट आवाजात सांगायच्या आणि मी टिपून घ्यायचे. त्या पंधरा दिवसांत एक नवा चट्टा वाढला. सिस्टरनी सोनालीला विचारलं, "तुझं म्हननं काय हाय? तू म्हनशील ते करू." तिने हातातली वीण बाजूला ठेवली. म्हणाली, "माझ्या बापाला कळू द्या. मी दोनदा सांगितलं. ते म्हनले, सासरी थोडं ऱ्हातंच."

एका सोमवारी दुपारी ती विणायला म्हणून आली आणि आम्ही तिघी बसस्टँडवर गेलो. तिच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक थांब्यावर मागे वळून बघत होती.

तिचे वडील अंगणात होते. उंच, वाळलेले, डोक्याला मुंडासं. दावणीला एक देवणी जातीचा बैल, पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, त्याचा खरारा चालला होता. आम्हाला बघून त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी 'या' म्हणायच्या आधी मुलीला विचारलं, "इच्यारून आलीस का?"

आई पाणी घेऊन आली. वडील बाजेवर बसून ऐकवू लागले. लेकीची जात, जरा सोसावं लागतं, धाकटीचं अजून व्हायचंय, चार लोक काय म्हणतील. सिस्टर मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. वडिलांचं संपल्यावर सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाल्या, "मला दिसत न्हाई. तू वाच."

मी वाचणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. सोनालीने बाही वर केली. मी वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. डावा दंड, आतली बाजू, दोन बोटं लांब, महिन्याभराचा. त्याच्या खाली दुसरा. उजव्या खांद्यामागे, गोल, उलथन्याच्या टोकाचा. मानेखाली, केसांत लपलेला. पाठीवर. प्रत्येक चट्ट्यावर सिस्टर बोट ठेवायच्या, न टेकवता, जरा वर. मी ऑफिसात इतिवृत्त वाचावं तशी वाचत होते, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात वाचलं असतं तर मला रडू आलं असतं. अर्ध्यावर तिची आई मटकन खाली बसली. वडील उठले आणि बैलापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी थांबले.

"वाच," सिस्टर म्हणाल्या. "ऐकू जातंय त्यांना."

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ते बराच वेळ त्या जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग वळले. मुलीकडे न बघता बायकोला म्हणाले, "तिचं अंथरून आतल्या खोलीत टाक." आणि थोड्या वेळाने, आमच्यासमोर येऊन, "बाई, तक्रार द्यायला कुटं जावं लागतं? मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

तक्रार झाली. पुढे व्हायचं ते सगळं झालं, तारखा, बैठका, समजूत काढणारे पाहुणे, आणि दीड-दोन वर्षांनी ती मोकळी झाली. मीही दोनदा जाऊन जबाब दिला. पहिल्यांदा जाताना मी सिस्टरना सोबत नेलं होतं. दुसऱ्यांदा नाही.

गल्लीने मात्र सिस्टरना माफ केलं नाही. स्वतःचा संसार नाही म्हणून दुसऱ्याचा मोडते, असं त्यांच्या तोंडावर म्हणणारे निघाले. हळदीकुंकू बंद झालं. पत्रिका येणं बंद झालं. त्या बिनपत्रिकेच्या जाऊ लागल्या. एका मंगल कार्यालयाच्या दारात त्यांना थांबवलं, तर त्यांनी पुडकं तिथल्या वाढप्याकडे दिलं, "नवरीच्या हातात दे, सासूच्या न्हाई," असं बजावलं आणि जेवण न करता घरी आल्या. त्या दिवशी त्यांच्यासाठी मी पिठलं केलं. त्यांनी चव घेतली आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "येतंय तुला आता."

माझं लग्न नांदेडला झालं. त्या आल्या, मला काळे पंजे दिले आणि माझ्या सासूबाईंना तेच वाक्य ऐकवलं. मी डोळ्यांनी खूप खुणावलं, पण नाही. आणि चार तासांचा बसचा प्रवास करून त्या दोनदा आल्यादेखील. सरळ स्वयंपाकघरात. "घाल बघू." मी म्हणाले, "सिस्टर, मला तरी सोडा. मला सगळं माहीत आहे." त्या म्हणाल्या, "माहीत असलेल्याच जास्त लपवतात." माझ्या सासूबाई दुखावल्या होत्या. नंतर एकदा मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना ठेवूनच घे." पुढची वेळ आली नाही. सिस्टरचे गुडघे गेले, आणि मग मीच जायला लागले.

असंच एकदा गेले असताना, त्यांच्या शेवटच्या वर्षात, दुपारी दार वाजलं. काकू उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मुलगा दुसरं लग्न करून हैदराबादला गेला होता, त्या एकट्याच राहत होत्या. डावा हात पदरात गुंडाळलेला. भजी तळताना कढई कलंडली होती. त्या आत येईनात. सिस्टरनी मला हात देऊन स्वतःला उठवायला सांगितलं, काकूंना खुर्चीत बसवलं, हातावर गार पाणी ओतत राहिल्या, घड्याळ लावून वीस मिनिटं. मग मलम, मग पट्टी. बोटं थरथरत होती पण पट्टी सरळ बसली.

काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या हाताला तुमी कशाला हात लावता?"

"भाजलंय म्हनून," सिस्टर म्हणाल्या.

पट्टीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "रडायचं असंल तर माझ्यापाशी नका रडू. तिचा नंबर हाय माझ्याकडं. देऊ का?"

सिस्टरनी एका कागदाच्या चिठोऱ्यावर नंबर लिहिला आणि पट्टीच्या घडीत खोचला.

सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. सोनाली लातूरला असते. तिथे शिकवण्यांना आलेल्या पोरांची एक मेस आहे, ती तीच चालवते, हाताखाली दोघी जणी आहेत. मागच्या महिन्यात मी कामासाठी लातूरला गेले तेव्हा तिच्याकडे जेवले. शेजारी मोठं पातेलं रटरटत होतं आणि ती उभ्याउभ्याच बोलत होती. मी विचारलं, काकूंचा कधी फोन आला होता का?

"आला होता की," ती म्हणाली. "एकदाच. त्या बोलल्याच न्हाईत काई. नुसता श्वास ऐकू येत होता. मला कळलं कोन हाय ते. मी बी ठेवला न्हाई."

"मग?"

"मग लई वेळ दोघीबी तशाच. मग माझ्या कुकरची शिट्टी झाली. मी म्हनलं, ठेवते आता, भात लागंल." तिने झाकण उचलून आत पाहिलं. "त्या म्हनल्या, हां, बघ, बघ. लागू देऊ नको."

ती माझ्या ताटात भात वाढायला वळली.